उलट चालण्याचे फायदे

"जिना चढून आलात की लिफ्टने?" डॉक्टरांनी विचारलं.

"लिफ्टने."

"पहिल्या मजल्यावर?"

"लिफ्ट उभीच होती," मी म्हणालो. यात हसण्यासारखं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही, पण डॉक्टर हसले आणि शेजारी बसलेली माझी बायकोही हसली. नवऱ्याच्या तपासणीत बायकोने डॉक्टरांच्या बाजूने हसू नये, असा निदान एक तरी कायदा या जगात असायला हवा होता.

"दिवसभर काय करता?"

"विमा कंपनीत आहे. दावे विभागाचा मुख्य कारकून."

"म्हणजे बसून."

"बसूनच. उभ्याने दावे नाकारता येत नाहीत."

"आणि घरी आल्यावर?"

"दमलेला असतो. म्हणून बसतो."

डॉक्टरांनी रिपोर्ट पुढे ओढले. रक्तदाब वर, साखर अगदी काठावर, आणि वजनाबद्दल ते काही बोलणार नव्हते, कारण काटाच बोलत होता. मग त्यांनी माझ्या वडिलांना झटका कोणत्या वयात आला होता ते विचारलं. मी सांगितलं. माझं वय त्यांच्यासमोर कागदावर होतंच. या वेळी बायको हसली नाही.

"चाला," डॉक्टर म्हणाले. "रोज. एवढंच सांगतो. हृदयाला, साखरेला, झोपेला, गुडघ्यांना आणि चिडक्या स्वभावाला एकाच वेळी लागू पडणारं दुसरं औषध माझ्याकडे नाही. आधी गल्लीच्या टोकापर्यंत जा, परत या. झेपलं की वाढवा. चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाता येऊ नये, एवढा वेग पुरे. बसणाऱ्या माणसाला सुरुवातीच्या थोड्याशा चालण्यानेच सगळ्यात जास्त फायदा होतो, हे लक्षात ठेवा."

"चिडक्या स्वभावाचं तुम्हाला कोणी सांगितलं?" मी चिडून विचारलं. डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने खिडकीकडे पाहिलं.

आमच्या इमारतीत बातम्या लिफ्टपेक्षा लवकर वर पोचतात. मी घरात शिरून पंखा लावेपर्यंत वरच्या मजल्यावरचे बँकेतून निवृत्त झालेले कॅशियर दारात हजर होते.

"ऐकलं. चालणार म्हणे! उद्यापासून?"

"हो."

"कोणत्या बुटांत?"

मी पायातल्या ऑफिसच्या बुटांकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं, आणि नोटांच्या बंडलात एखादी खोटी नोट सापडल्यासारखा चेहरा केला. "बूट म्हणजे पाया. पाया कच्चा असेल तर अख्खी इमारत गुडघ्यांवर येते." त्याच संध्याकाळी ते मला दुकानात घेऊन गेले. दुकानदाराने विचारलं, धावायचे दाखवू, चालायचे, की डोंगर चढायचे? मी म्हटलं, गल्लीच्या टोकापर्यंतचे. माझ्या मापात एकच जोड शिल्लक होता. त्याचा रंग नारिंगी होता. साधा नारिंगी नाही. रस्त्याचं काम चालू असलं की धोका दाखवायला जो लावतात ना, तो. "लांबून दिसतो, हाच फायदा आहे," कॅशियर म्हणाले. लांबून दिसू नये म्हणूनच मी आयुष्यभर करडे कपडे घालत आलो, हे त्यांना कोणी सांगावं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली उतरलो. गल्लीच्या टोकापर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढाच माझा माफक कार्यक्रम होता. इस्त्रीवाल्याने हातातली इस्त्री उभी केली. "साहेब, गाडी विकली?" पुढे औषधांच्या दुकानदाराने शटर अर्धं वर करून विचारलं, "घरी सगळं ठीक ना?" एका ओळखीच्या बाईंनी तर आवाज खाली आणून, "नोकरीचं काही झालं का हो?" असं इतक्या मायेने विचारलं की मला स्वतःच्या नोकरीची काळजी वाटू लागली. मी चकित झालो. माणसाने दोन पायांवर घराबाहेर पडणं ही एवढी भयंकर घटना आहे, याची मला कल्पनाच नव्हती.

टोकाला पोचतो न पोचतो तोच ऑफिसातला एक सहकारी स्कूटरवरून आला, कचकन ब्रेक मारून थांबला आणि म्हणाला, "बसा!"

"नको, मी चालतोय."

"म्हणूनच म्हणतो, बसा! काय अवस्था करून घेतलीय! मी असताना तुम्ही चालणार?"

त्याने मला धरून बसवलं आणि घराच्या दारात आणून सोडलं. अशा रीतीने माझं पहिलं फिरणं अर्धं स्कूटरवर झालं. बायकोने वरून पाहिलं आणि काही न बोलता चहा ठेवला. काही न बोलणं हा तिचा आवडता शेरा आहे.

संध्याकाळी समोरच्या दारातले प्राध्यापक आले. ते कशाचे प्राध्यापक आहेत हे इमारतीत कोणालाच माहीत नाही, आणि ते प्रत्येक विषयावर सारख्याच अधिकाराने बोलत असल्यामुळे शोध लागण्याची शक्यताही कमी आहे.

"पुढे चालणं हा अर्धाच व्यायाम झाला," ते म्हणाले. "खरा फायदा उलट चालण्यात. गुडघ्यांवरचा भार बदलतो, तोल सुधारतो, मेंदू झोपेतून उठतो."

"तुम्ही चालता उलटे?"

"मी त्याबद्दल वाचलंय."

एरवी मी हा सल्ला कानाआड केला असता. पण मला त्यात एक वेगळाच फायदा दिसला. उलट चालणाऱ्याला समोरून येणारा माणूस दिसत नाही. आणि दिसलाच नाही, तर त्याला उत्तर देणं बंधनकारक राहत नाही. म्हणून पुढच्या सकाळी मी इमारतीच्या मागच्या सुनसान गल्लीत गेलो, भिंतीकडे तोंड केलं आणि मागे मागे निघालो.

आणि खरं सांगतो, मजा आली! घर लहान लहान होत जात होतं. हात आपोआप हलत होते. छातीत मोकळं वाटत होतं. कोणी हटकत नव्हतं, कोणी कीव करत नव्हतं. हे एवढं सोपं होतं तर आपण इतकी वर्षं काय करत होतो, असा एक प्रांजळ प्रश्न मनात आला, आणि त्याच क्षणी पायाखालची जमीन संपली.

खड्डा नगरपालिकेचा होता. पाण्याचा पाइप टाकायला खणलेला, पाइप टाकून झाल्यावर तसाच सोडलेला, तळाशी मऊ चिखल. मी त्यात सरळ बसलेल्या स्थितीत पडलो. कित्येक वर्षांची सवय ऐन संकटात कामी येते ती अशी. कोपर खरचटलं, बाकी शाबूत होतो. फक्त मी खाली होतो आणि जग वर होतं. मग वरून एक डोकं आलं. कामावरचा मुकादम.

"आत कसे गेलात?"

"उलटा."

"बोर्ड लावलाय की तिथे!"

"बोर्ड पुढून येणाऱ्याला दिसतो," मी म्हणालो. आवाजात शक्य तेवढा अधिकार आणायचा प्रयत्न केला, पण कमरेपर्यंत चिखलात बसलेल्या माणसाच्या अधिकाराला मर्यादा असतात.

मुकादमाने आणि त्याच्या माणसांनी हात दिले. मी वर यायच्या ऐवजी ते खाली येऊ लागले. तोवर गर्दी जमली. कॅशियर आले आणि "हात द्या, हात द्या!" म्हणून इतरांना सांगू लागले. प्राध्यापकांनी काठावर वाकून अत्यंत सहानुभूतीने म्हटलं, "उलट चालताना अधूनमधून मागे बघायचं असतं. हे सांगायचं राहिलं." ही गोष्ट सांगायची राहते?

पण खरा घोटाळा केला तो कॅशियरांनी. त्यांना श्रोते मिळाले होते. "किती दिवस हा खड्डा उघडा आहे!" ते गरजले. "मुलं खेळतात, म्हातारी माणसं ये-जा करतात! कोणी दाद घेतली? शेवटी एका सज्जन माणसाला यात पडावं लागलं!" टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्यावर तेच वाक्य त्यांनी पुन्हा म्हटलं, आणि या वेळी 'पडावं' च्या जागी 'उतरावं' आलं. मला वर काढा म्हणून मी दोन्ही हात उंच केले होते. कोणीतरी नेमका तेव्हाच फोटो काढला.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात तो फोटो होता. खाली मथळा: 'खड्ड्यात बसून नागरिकाचे अनोखे आंदोलन'. फोटोत माझे हात घोषणा दिल्यासारखे वर होते आणि चिखलातून वर आलेले पाय, नारिंगी बुटांसकट, अगदी ठळक होते. कॅशियर म्हणाले, "बघा, म्हणूनच तो रंग घ्यायला लावला."

ऑफिसात साहेबांनी पेपर माझ्यासमोर ठेवला. "तुम्ही?" एवढंच म्हणाले. मी पडलो होतो, हे मी शपथेवर सांगायला तयार होतो. पण पडलो म्हटलं तर मूर्ख ठरतो आणि आंदोलन केलं म्हटलं तर बंडखोर. आणि आमच्या कंपनीत दोन्ही पदांना बढती नाही. त्यातून मी खरचटलेल्या कोपराचा रीतसर दावा केला होता. तो फिरत फिरत माझ्याच टेबलावर आला. मी तो नीट वाचला. 'अर्जदाराचा स्वतःचा निष्काळजीपणा' असा शेरा मारून तो नाकारावा लागला. नियम म्हणजे नियम.

पाठोपाठ नगरपालिकेची नोटीस आली. मी कामाच्या जागेत विनापरवाना प्रवेश करून सार्वजनिक कामात अडथळा आणला होता, तरी खुलासा करण्यासाठी मुख्य कार्यालयात समक्ष हजर राहावं. नोटीस वाचून मी सोफ्यावर बसलो. खड्डा त्यांचा, चिखल त्यांचा, आणि गुन्हेगार मी!

इमारतीची सभा भरली. कॅशियर म्हणाले, "एकट्याने जायचं नाही. आम्ही सगळे येणार. मोर्चा नेऊ!"

"अहो, मी खरोखर पडलो होतो," मी शेवटचं सांगून पाहिलं.

"विनय!" प्राध्यापक सभेला म्हणाले.

गाड्या नेल्या तर पोलिसांची परवानगी लागते. पदपथावरून चालत जाणाऱ्या माणसांना कोण अडवणार? म्हणून चालत जायचं ठरलं. मुख्य कार्यालय गावाच्या पार दुसऱ्या टोकाला होतं. "चालत?" मी हबकून विचारलं. सगळी सभा माझ्याकडे वळली. "तुम्ही तर रोज चालता ना?" कोणीतरी म्हणालं. माझी अवस्था इकडे आड तिकडे विहीर अशी झाली, आणि मध्ये खड्डा होताच.

मोर्चाच्या दिवशी बायको म्हणाली, "मी येते."

"तुला झेपणार नाही. लांब आहे."

तिने कपाटाच्या खालच्या कप्प्यातून बूट काढले आणि नाडी बांधू लागली. चांगले वापरलेले, टाचेशी झिजलेले चालायचे बूट.

"हे कोणाचे?"

"माझे."

मला आणखी विचारायचं होतं, पण खाली घोषणा सुरू झाल्या होत्या.

सर्वांत पुढे मी. नाइलाज होता, आंदोलनाचा चेहरा मीच होतो. घोषणा मी सुरू करायची आणि मागच्यांनी पुरी करायची असं ठरलं होतं. पहिल्या चौकापर्यंत मी "आमचा खड्डा बुजवलाच पाहिजे!" हे एका दमात म्हणत होतो. दुसऱ्या चौकात "आमचा खड्डा" एवढंच निघू लागलं. मग नुसतं "आमचा". त्यानंतर मी फक्त तोंड उघडायचो आणि मागचे घोषणा पुरी करायचे. चालताना बोलता आलं पाहिजे असं डॉक्टर म्हणाले होते. घोषणांबद्दल विचारायला हवं होतं.

पेट्रोल पंपाशी कॅशियरांच्या पोटरीत गोळा आला. त्यांनी रिक्षा केली आणि फलक सोबत घेऊन पुढे गेले. प्राध्यापक पुस्तकांच्या दुकानाशी 'एक मिनिट' म्हणून थांबले, ते थांबलेच. मागे वळून पाहिलं तर अर्धा मोर्चा विरून गेला होता. त्याच्या जागी काही अनोळखी बायका होत्या, झपाझप चालणाऱ्या, सगळ्यांच्या पायांत तसेच झिजलेले बूट. त्यांतली एक पुढे आली.

"कॅप्टन, यांना पाणी देऊ का? लाल झालेत."

"घोट घोट दे," माझी बायको म्हणाली.

मी जागच्या जागी थिजलो. "कॅप्टन कोण?"

"थांबू नका, पाय आखडतील. खांदे सैल सोडा. पावलं लहान टाका." आणि मग, अगदी सहज, एक श्वासही न चुकता, "कॅप्टन म्हणजे मी."

"कधीपासून?"

"तुमच्या बढतीच्या आधीपासून. आम्ही तळ्याला फेरी मारतो. तुम्ही उठायच्या आत मी घरी येऊन अंघोळ करून चहा ठेवलेला असतो."

"मला वाटायचं तू दूध आणायला जातेस!"

"दूध आणायला एवढा वेळ लागतो का हो?"

मी तो कधी मोजला नव्हता. या बाईशी मी लग्न करून एवढी वर्षं एकाच घरात राहत होतो, आणि गावात तिची एक अख्खी पलटण होती! हा धक्का खड्ड्यापेक्षा मोठा होता. खड्ड्यात निदान तळ तरी लागला होता.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. तुम्ही 'छान' म्हणालात आणि पेपर उलटलात." थोडं चालून झाल्यावर तिचा आवाज बदलला. "डॉक्टरांनी तुमच्या वडिलांचं वय विचारलं ना, त्यानंतर मला धड झोप नाही. तुम्ही खड्ड्यात पडलात असा निरोप आला तेव्हा मला आधी तेच वाटलं. पळत आले. वरून पाहिलं तर तुम्ही मुकादमाशी वाद घालत होतात. तिथल्या तिथे रडले. मग हसू आलं."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही, फक्त चालता चालता माझं कोपर धरलं, न खरचटलेलं.

कार्यालयाच्या दारात लिफ्ट उभीच होती. मी तिच्याकडे वळलो. एवढ्यात पलटण जिना चढू लागली, आणि मी, कठड्याला धरत, मध्ये मध्ये थांबत, तिच्या मागे गेलो.

रस्ते विभागाचे अधिकारी टेबलामागे बसले होते. त्यांना पाहताच मला आरशात पाहिल्यासारखं वाटलं: तेच पोट, तीच मागे रेललेली मान, उठण्याबद्दलची तीच नापसंती. "चालत आलात?" ते दचकून म्हणाले. "तिथून? कोणी गेलं का?"

मग खुलासा सुरू झाला. "तुम्ही खड्ड्यात पडलात?"

"हो."

"काठावरून, की आत? काठ रस्ते विभागाकडे आहे. आतला भाग पाणीपुरवठ्याकडे."

"काठावरून आत."

त्यांनी डोळे मिटले. अशी गुंतागुंतीची केस त्यांच्या कारकिर्दीत आली नसावी. आम्हाला वरच्या मजल्यावर पाणीपुरवठ्याकडे धाडण्यात आलं. पाणीपुरवठ्याने सांगितलं की काठ खचल्याशिवाय आत पडता येत नाही, सबब प्रश्न काठाचा आहे. पुन्हा खाली. काठवाले म्हणाले, काठ शाबूत होता, माणूस खचला. पुन्हा वर. माझ्या मांड्या बोलू लागल्या होत्या आणि त्यांची भाषा सभ्य नव्हती. तिसऱ्यांदा खाली आलो तेव्हा बायको टेबलासमोर उभी राहिली.

"साहेब, उठा. खड्डा दाखवते. म्हणजे काठ कुठे संपतो ते तुम्हीच ठरवा."

"गाडी बाहेर गेलीय."

"गाडी कशाला? आमच्याबरोबर चालत या."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या बुटांकडे. मग दारात कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या पलटणीकडे. त्यांच्या चेहऱ्यावर जी भीती उमटली ती मला अगदी आतून ओळखीची होती. त्यांनी झटकन पेन उचललं. काठ आणि आतला भाग, दोन्ही ताबडतोब बुजवण्याचा हुकूम त्यांनी जागच्या जागी काढला, आणि माझी नोटीस रद्द केली. सगळा निकाल त्यांनी खुर्चीवरून न हलता दिला. रिक्षाने आधीच पोचलेले कॅशियर खाली पत्रकारांना मुलाखत देत होते.

खड्डा खरोखर बुजवला गेला. पेपरात कॅशियरांचा फोटो आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझे पाय लाकडाचे झाले होते. बायको पलंगाशी उभी राहून म्हणाली, "उठा. आज नाही उठलात तर कधीच उठणार नाही." मी कण्हत, कुथत, तिच्याबरोबर तळ्यावर गेलो. पलटण जमली होती. काही मोर्चाला आलेल्या नव्हत्या. एक वयस्कर बाई मला पहिल्यांदाच पाहत होत्या. त्यांनी मला, माझ्या पोटाला आणि माझ्या चालीला नीट न्याहाळलं.

"कॅप्टन, हे कोण?"

मी छाती पुढे काढली. इतक्या वर्षांच्या संसारानंतर या प्रश्नाला एकच उत्तर असू शकतं, असं मला वाटलं होतं.

"नवीन आहेत," बायको म्हणाली. "सांभाळून घ्या."

पुढे काढलेली छाती मी आत घेतली. तोवर सगळ्या निघाल्या होत्या. मी खुरडत मागून निघालो, धापा टाकत, मनातल्या मनात उत्तरं जुळवत. आणि मग माझ्या लक्षात आलं की आमच्यातलं अंतर वाढत नाहीये. सगळ्यांच्या पुढे चालणारी कॅप्टन, एकदाही मागे वळून न बघता, हळू झाली होती.